आवाज थांबला की हात थांबतो

आमच्या घरात दोन ‘पहिल्या’ आहेत आणि त्या दोघींच्या मधे मी. माझी आई शहराच्या मोठ्या रेल्वे स्टेशनवर सूचना देणारी पहिली बाई, आणि माझी बायको शहरात टॉवर क्रेन चालवणारी पहिली बाई. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. आमच्या गल्लीत माझ्याआधी तिघांनी हेच काम केलंय, त्यामुळे मी कशातच पहिला नाही. मला त्याचं वाईटही वाटत नाही. घरात एक तरी बिनपहिला माणूस लागतो, नाहीतर नळ गळतोय हे बघायला वेळ कोणाला आहे?

आई नोकरीला लागली तेव्हा तिची सूचना ऐकून लोक चौकशीच्या खिडकीवर जायचे आणि आतल्या बाबूला विचारायचे, "बाई म्हणतात ते खरं का हो?" गाडी तिसऱ्या फलाटावर येणार हे बाईच्या तोंडून ऐकलं की गाडी येणार की नाही याचीच त्यांना शंका. आईनं त्यावरून कोणाशी भांडण केलं नाही. तिनं आवाज घासला, मी काच घासतो तसा. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. सूचना दोनदा द्यायची आणि गप्प बसायचं. "मधली शांतता महत्त्वाची," ती म्हणायची. "सारख्या बडबडणाऱ्याचं कोणी ऐकत नाही." पुढे पुढे लोक आईच्या आवाजावर डोळे मिटून फलाट बदलायला लागले. घरातही तिनं हाच शिरस्ता ठेवला. जेवायची हाक दोनदा यायची. तिसरी हाक मी जन्मात ऐकली नाही. दोन हाकांत आलो नाही, की गाडी सुटलेली असायची आणि ताट झाकलेलं असायचं.

बायकोचं असं की ती क्रेनच्या कंपनीत होती, पण कोठारात. नटबोल्ट, तेलाचे डबे, हातमोजे, असलं सगळं काढून द्यायचं काम. दुपारी बाकीचे डबा खाऊन पाय पसरायचे तेव्हा ही बाई क्रेनच्या शिडीवर. वर केबिनमध्ये बसायचे उस्ताद. उस्ताद म्हणजे कंपनीतले सर्वांत जुने क्रेनवाले. त्यांचे गुडघे गेले होते आणि वर कोणी गप्पांना आलं तर त्यांना बरंच वाटायचं. त्यांनीच तिला शिकवलं. खालचे लोक तिला ‘घार’ म्हणायला लागले, आधी नाक मुरडून, मग सवयीनं आणि शेवटी कौतुकानं. उस्तादांचे गुडघे अगदीच संपावर गेले तेव्हा मालकांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, बऱ्याच येरझाऱ्या घालून तिला केबिनमध्ये बसवलं. पण कायमचं नाही. बघू म्हणाले.

मला उंचीची भीती आहे हे इथे सांगून टाकतो. बल्ब बदलायचा असला तरी मी बायकोला हाक मारतो. त्यामुळे तिचं काम नक्की कसं चालतं हे मला बरेच दिवस कळलेलं नव्हतं. एकदा संध्याकाळी आई मैत्रिणीकडे गेली होती, नाहीतर तो पोरखेळ तिनं दोन सूचनांत बंद केला असता. बायकोनं माझी चष्म्याची डबी दोऱ्याला बांधली, दोरा कपाटावरून पलीकडे सोडला, आणि स्वतः कपाटाच्या अलीकडे उभी राहिली.

"तू पलीकडे जा," ती म्हणाली. "मला डबी दिसत नाहीये असं समज. नव्हे, दिसतच नाहीये. आता तू सांगशील तशी मी खाली सोडणार. बोल."

"खाली," मी म्हणालो. "खाली, खाली, खाली..." आणि मला शिंक आली.

डबी जागच्या जागी थांबली.

"का थांबलीस?"

"तू का थांबलास?"

"अगं, मला शिंक आली."

"मला काय माहीत? शिंक आली, चक्कर आली का तुझ्या डोक्यावर वीट पडली, मला इथून काय दिसतंय? आवाज थांबला की हात थांबतो. ओझं डोळ्यांआड असलं की हा एकच नियम. खालचा ठरलेला माणूस बोलत राहील तोवरच मी क्रेनचा दांडा ढकलणार. दुसऱ्या कोणी ‘खाली’ म्हटलं तरी नाही."

"मग विचारायचं ना मला, काय झालं म्हणून."

"वॉकीटॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येतं रे. मी माझं बटण दाबलं की खालच्याचा आवाज मला येतच नाही. नेमका तेव्हाच तो ‘थांब’ म्हणाला तर? म्हणून ओझं हवेत असेपर्यंत केबिननं तोंड उघडायचं नाही. फार तर भोंगा वाजवायचा."

"तोंड उघडायचं नाही? आणि हे काम तुला जमतं?"

डबी बरोब्बर माझ्या डोक्यावर पडली. कोणाच्याही सूचनेशिवाय.

तर हा जो खालून बोलत राहणारा माणूस असतो, तो तिच्या नशिबी आला होता तो म्हणजे रेडिओकाका. खरं नाव कंपनीत कोणालाच आठवत नव्हतं. बाकीचे सिग्नलवाले ‘खाली, खाली, खाली’ म्हणत राहतात. काकांना तेवढ्यावर भागत नसे. ते मधल्या जागा घरच्या बातम्यांनी भरायचे. "खाली... खाली... काल आमच्या हिनं पडदे धुतले... खाली... वाळत घातले आणि सुटला ना वारा... खाली, आता जरा सावकाश... पडदे गेले शेजारच्यांच्या गच्चीवर... शेजारीण म्हणते... थांब. टेकलं." आणि ओझं टेकलं की काका वॉकीटॉकी कमरेला लावून चालू पडायचे. शेजारीण काय म्हणाली ते राहिलंच.

बायको घरी यायची ती अशा अर्धवट बातम्या घेऊन. "काकांची पोरगी रुसलीय," तिनं एकदा सांगितलं. "घरात कोणाशी बोलत नाही."

"का?"

"तेच तर! कारण सांगायला सुरुवात केली की ओझं टेकतं. आज तर मी मुद्दाम हळू उतरवलं, तरी टेकलंच."

मी म्हटलं, खाली आल्यावर विचार ना सरळ. तर म्हणे समोरासमोर काका एक अक्षर बोलत नाहीत, लाजतात. हा माणूस फक्त यंत्रातच बोलतो.

आणि मग ते रुग्णालयाचं काम आलं. जुनं रुग्णालय, चारी बाजूंना तीन मजली इमारत आणि मधे चौक. तपासणीचं एक भलं मोठं यंत्र आत न्यायचं होतं. ते एकाही दारातून जाईना, तेव्हा क्रेननं इमारतीवरून उचलून आणायचं आणि चौकात उतरवायचं ठरलं. क्रेन इमारतीच्या बाहेर उभी. केबिनमधून चौकातलं काडीचंही दिसणार नाही. मालकांनी बायकोला बोलावून स्पष्ट सांगितलं. हे ओझं नीट उतरलं तर केबिन कायमची तिची, आणि कोठारातल्या दोघी मुली तिच्या हाताखाली शिकायला घ्यायच्या. काही गडबड झाली तर ती परत कोठारात.

"गडबड म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे मला उस्तादांना वर चढवावं लागलं तर," मालक म्हणाले. "मग मी लोकांना काय तोंड दाखवू?"

मालक तसे वाईट नव्हते, पण त्यांनाही चार जण विचारत होतेच, की कोण ही बाई आणि कशाला ही हौस. बायको घरी आली. जेवताना म्हणाली, "माझं जाऊ दे. मी गेले परत कोठारात, तर त्या दोघींना शिडीला हात लावायला कोणी देणार नाही. पुढची वीस वर्षं म्हणतील, करून पाहिलं होतं एकदा." आई समोर बसली होती. तिनं सुनेला भाजी दुसऱ्यांदा वाढली. आमच्याकडे याला फार अर्थ असतो.

त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि आईला घेऊन चौकात गेलो. घरच्यांना बोलावणं होतं. रुग्णालयाचे मोठे डॉक्टर, विम्याचा माणूस, फोटो काढणारा, असे सगळे एका बाजूला दोरीच्या मागे उभे. वरच्या खिडक्यांतून रोगी डोकावत होते. तिसऱ्या मजल्यावर हाताला प्लॅस्टर घातलेला एक गृहस्थ तर खिडकीच्या चौकटीवर उशी ठेवून नाटकाला यावं तसा बसला होता. पाहुण्यांना काय चाललंय ते कळावं म्हणून मालकांनी काकांचा आवाज एका ध्वनिक्षेपकाला जोडून घेतला होता. उस्तादही आले होते, खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून.

काकांना मी ओळखलंच नाही. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, हेल्मेटसुद्धा पुसलेलं. चौकाच्या मधोमध ताठ उभे राहून त्यांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरली आणि ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "कृपया लक्ष द्या. ओझं चौकाच्या वर येत आहे."

शब्द काकांचे, पण उच्चार, मधले थांबे, शेवटचा स्वर, सगळं ओळखीचं. मी आईकडे पाहिलं. ती अशी फुलली होती, की जसा काही मी शाळेत पहिला आलोय. तसा योग तिच्या आयुष्यात आला नव्हता.

"काय केलंस तू?" मी विचारलं.

"ते आले होते आपल्याकडे. तुम्ही दोघं कामावर होतात," आई हलक्या आवाजात म्हणाली. "म्हणाले, चारचौघांत माझी बडबड ऐकू जाणार, क्रेनवरच्या ताईंची लाज जायला नको. तुम्ही स्टेशनवर बोलायचात, मला नीट बोलायला शिकवा. चार वेळा आले बिचारे. आणि ताईंना सांगू नका म्हणाले, त्यांना अचानक ऐकवायचंय. किती सुधारलेत बघ!"

मी काही बोलणार तोच इमारतीच्या कडेवरून ते लाकडी खोकं आत आलं. लहानशा ट्रकाएवढं. पोलादी दोराला लटकून ते आमच्या डोक्यांच्या वर, आकाशाचा एक तुकडा झाकून थांबलं. इथून पुढे बायकोला काही दिसणार नव्हतं.

"दहा मीटर खाली," काका म्हणाले. स्वच्छ, ठणठणीत. आणि गप्प झाले. शिकवल्याप्रमाणे.

खोकं हातभर खाली आलं आणि थांबलं.

काकांनी वर पाहिलं. वाट पाहिली. "दहा मीटर खाली," त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं आणि पुन्हा ओठ मिटले. खोकं पुन्हा हातभर आलं, थांबलं, आणि या वेळी गचका बसल्यामुळे झुलायला लागलं. प्लॅस्टरवाल्या गृहस्थानं उशीसकट डोकं आत घेतलं.

काकांनी आणखी एकदा तेच सांगितलं आणि तेच झालं. असं करत करत खोकं तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांपर्यंत आलं, आणि तिथे काकांचं सगळं उसनं अवसान संपलं. शिकवलेलं तर त्यांनी बरोबर केलं होतं. मग हे खाली का येत नाही? त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. घशातून आवाज फुटेना. बाहेरून क्रेनचा भोंगा वाजला. लांबलचक.

"काय झालं?" विम्याचा माणूस म्हणाला.

"वर चक्कर आली असेल बाईंना," मागून कोणीतरी म्हणालं. एरवी आईनं त्याला तिथल्या तिथे सरळ केला असता. आज तिचं लक्षच नव्हतं.

मालक धावले. त्यांच्याकडे दुसरी वॉकीटॉकी होती. तिचं बटण अंगठ्यानं गच्च दाबून ते ओरडायला लागले, "अगं, खाली घे! घाबरू नकोस! खाली घे! ऐकतेस ना? खाली घे!" खोकं जागचं हललं नाही. भोंगा पुन्हा वाजला. मालकांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी बटण काही सोडलं नाही, तसंच मागे वळून म्हणाले, "उस्ताद, पोरगी गारठलीय वर. तुम्ही चढा. तुम्ही उतरवा."

हे म्हणजे संपलंच की. उस्ताद उठले. सावकाश, गुडघ्यावर हात रेटून उठले आणि चौकाच्या दाराकडे चालू लागले. शिडी बाहेर होती. ते वर पोचले की बायको खाली येणार, आणि खाली म्हणजे थेट कोठारात.

मी दोरी ओलांडून मालकांपाशी गेलो. "साहेब, ते बटण..."

"तुमची अवस्था मला कळतेय," मालकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण तुम्ही बाजूला व्हा."

"नाही, तुम्ही बटण दाबलंय म्हणून काकांचा..."

"कोणीतरी यांना पाणी द्या रे!"

मला पाणी मिळालं. ते हातात धरून मी परत आईजवळ आलो. एखाद्या गोष्टीवर ओरडायचं म्हटलं की माझा आवाज मांजरासारखा होतो, काय करणार. "आई," मी म्हणालो, "तिला काही झालेलं नाही. तिचा नियमच आहे. काका गप्प झाले की ती थांबते. बोलत राहावं लागतं गं, सारखं. काहीही, पण सारखं. आवाज थांबला की हात थांबतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. काका हाताची घडी घालतात तशी ओठांची घडी घालून उभे होते. तिच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी पाहिला.

"म्हणजे मी त्यांना गप्प बसायला शिकवलं," ती म्हणाली.

"आता ते जाऊ दे..."

पण तिनं माझ्या हातातलं पाणी घेतलं, एक घोट प्यायली, पेला मला परत दिला आणि छाती भरून श्वास घेतला. तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत. एरवी ती खोकते, जिना चढताना थांबते. पण तो आवाज कुठे जात नाही हे मला त्या दिवशी कळलं.

"मालक, बटण सोडा. मालक, बटण सोडा."

दोनदाच. चौकाच्या चारी भिंतींवरून तो आवाज फिरला. खिडक्यांतले रोगी दचकले, फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला, आणि मालकांनी, फलाटाच्या कडेवरून माणूस मागे सरतो तसं एक पाऊल मागे घेऊन, अंगठा उचलला.

"भाऊ," आई काकांना म्हणाली, "मी शिकवलेलं सगळं विसरा. नेहमीसारखं बोला."

काका तिच्याकडे बघत राहिले. वॉकीटॉकीचं बटण त्यांनी दाबलं होतं, पण शब्द नव्हता. ध्वनिक्षेपकातून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बोला," आई म्हणाली. "बोला हो. अहो, बोला, बोला, बोला ना!"

मी मोजत नव्हतो, पण दोनच्या वर गेली हे मला ऐकू आलं. माझी आई, जिनं मला जेवायला कधी तिसऱ्यांदा बोलावलं नाही, ती हात जोडून त्या माणसाच्या विनवण्या करत होती.

"काय बोलू?" काकांचा आवाज फाटला.

तेव्हा कुठे माझा मांजराचा आवाज उपयोगी पडला. "काका," मी ओरडलो, "पोरगी का रुसलीय ते सांगा! ती रोज विचारते घरी!"

काकांनी एकदा त्या टांगलेल्या खोक्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"खाली," ते म्हणाले. "खाली... हां, खाली... काय आहे ताई... खाली... पोरगी रुसलीय ती अशी, की... खाली, खाली..."

खोकं खाली यायला लागलं. गचका नाही, झोका नाही. लोण्यातून सुरी उतरावी तसं.

"खाली... तिला म्हटलं बँकेत लाग, दुकानात लाग... खाली... ऐकत नाही... ती म्हणते, बाबा... खाली... म्हणते मला क्रेनवर चढायचंय... खाली, डावीकडे थोडं, बस... म्हणते तुमच्या त्या ताई चढतात ना... खाली... मी म्हणालो डोकं फिरलंय तुझं... खाली... ताई वेगळ्या, तू वेगळी... खाली, आता सावकाश... ती म्हणाली काय वेगळं?... सावकाश... मला ताई उत्तरच येईना... सावकाश, सावकाश... म्हणून मीच रागावलो तिच्यावर... अजून थोडं... रुसली ती नाही, ताई, मीच... थांब. टेकलं."

टेकलं. खोक्याखालच्या लाकडी ओंडक्यांनी नुसतं ‘हं’ केलं.

प्लॅस्टरवाल्या गृहस्थानं मोकळ्या हातानं खिडकी बडवायला सुरुवात केली आणि सगळ्या खिडक्यांतून टाळ्या कोसळल्या. मोठे डॉक्टर विम्याच्या माणसाला मिठी मारून मोकळे झाले. मी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. मला उगाचच हसू येत होतं. आई मात्र तिथेच एका उलट्या बादलीवर बसली.

बाहेर गेलो तर उस्ताद शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते.

"अजून इथेच?" मालक मागून धापा टाकत आले.

"नाडी सुटली होती," उस्ताद म्हणाले. "एक बांधली की दुसरी सुटे."

"उस्ताद, खरं सांगा. ती का थांबली हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिला शिकवलं कोणी? मी असतो तरी थांबलो असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही म्हणालात चढा. आलो ना शिडीपाशी." त्यांनी दुसऱ्या नाडीची गाठ पक्की मारली आणि मालकांच्या हाताचा आधार घेऊन उठले.

बायको उतरली. शिडीवरून खाली येताना ती नेहमी शेवटच्या दोन पायऱ्या उडी मारून संपवते, मी ऐकून होतो. आज ती एकेक पायरी उतरली. जमिनीवर पाय ठेवल्यावर मला वाटलं माझ्याकडे येईल. ती सरळ काकांकडे गेली. काका मान खाली घालून उभे होते.

"म्हणून रुसलीय होय?" ती म्हणाली.

काकांनी मान हलवली. समोरासमोर ते पुन्हा मुके.

"मग आता काय सांगणार तिला?"

काका हेल्मेटशी चाळा करत राहिले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "सोमवारी आणू का?"

"आणा," बायको म्हणाली. "डबा आणायला सांगा. आणि बूट, चपला नकोत."

मालक पुढे झाले. घाम पुसत म्हणाले, "अगं, मी इतका घसा फोडत होतो, तुला एक शब्द बोलता आला नाही?"

"ओझं हवेत होतं, मालक."

मालकांनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि एकदम हसायला लागले. जिवावरचं टळलं की माणूस हसतो तसं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "केबिन तुझी," ते म्हणाले. "कोठारातल्या दोघी आणि यांची पोरगी, तीन झाल्या. आता मला क्रेन कमी पडणार, ते बघतो मी." आणि काकांना म्हणाले, "तुम्ही उद्यापासून इस्त्री करून येऊ नका."

सगळे पांगल्यावर आई आली. बादलीचा गोल डाग कपड्यांवर तसाच. तिनं सुनेचा हात धरला आणि म्हणाली, "चूक माझी. त्यांना मी शिकवलं."

तेव्हा बायकोनं पहिल्यांदा डोळ्यांना हात लावला. "मला वाटलं काकांना काहीतरी झालं, आई," ती म्हणाली. "तो आवाज त्यांचा नव्हताच. आधी वाटलं दुसरंच कोणी बोलतंय. मग तोही बंद झाला. वाटलं, कोसळले की काय, आणि ओझं त्यांच्या डोक्यावर आहे की बाजूला, मला काही दिसत नव्हतं. हात दांड्यावर तसाच धरून बसले. मग मालक ओरडायला लागले, तेव्हा तर खात्रीच पटली. आणि मग तुमचा आवाज आला, काकांच्या यंत्रातून. बोला, बोला, बोला. म्हटलं, आई एवढ्या विनवतायत, म्हणजे समोर माणूस जिवंत आहे."

दोघी तशाच हात धरून फाटकापर्यंत चालत गेल्या, मी मागून बायकोचं हेल्मेट घेऊन.

घरी आल्यावर बायको बाहेरच्या खोलीत आडवी झाली. डोळे मिटलेले होते, पण झोप नव्हती. उजवा हात उशीवर तसाच, बोटं आखडलेली, अजून दांडा धरल्यासारखी. मी म्हटलं, चोळून देऊ का? नको म्हणाली. आई खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसली. मग काय वाटलं कोण जाणे, आई बोलायला लागली.

"मी पहिल्या दिवशी सूचना दिली ना," ती म्हणाली, "तर गाडीचं नावच चुकले. दुसऱ्यांदा सांगताना बरोबर सांगितलं. मग लोक गोंधळले, पहिलं खरं की दुसरं. म्हणून यायचे खिडकीवर विचारायला. नुसतं मी बाई म्हणून नाही काही."

मी दारात थबकलो. हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"आणि मधली शांतता, मधली शांतता म्हणते ना मी? मधल्या शांततेत मी काय करायचे सांगू? आतून कडी लावून बसायचे. छाती अशी धडधडायची. पुढची सूचना येईपर्यंत मनातल्या मनात तीच घोकायचे. बाहेर लोकांना वाटायचं, काय बाईचा रुबाब आहे. एकदा तर एक फेरीवाला..."

ती बोलत राहिली. फेरीवाला, स्टेशनमास्तरांची टोपी, भिंतीमागून ऐकू येणारं उंदरांचं भांडण. कशाला धड शेंडा नाही की बुडखा नाही. बायकोच्या हाताची बोटं एकेक करून सैल सुटली. आवंढा गिळायला आई मधेच थांबली, आणि मी पाहिलं, तो हात उशीवर पुन्हा आवळला.

"आई, थांबू नका," बायको डोळे न उघडता म्हणाली.

"कुठे होते गं मी?"

"उंदरांपाशी."

"हां, तर ते उंदीर..." आई म्हणाली, आणि हात पुन्हा उघडला.

बराच वेळ गेला. जेवायची हाक त्या दिवशी एकदाही आली नाही. मग मीच उठलो आणि तिघांची ताटं घेतली.